ज्वारीची भाकरी ते स्वस्त तांदूळ : हैदराबादमधील स्थूलतेची ऐतिहासिक पार्श्वभूमी

हैदराबादच्या कोठी भागातील सुलतान बाजार म्हणजे पूर्वीचा रेसिडेन्सी बाजार होय. कर्कपॅट्रिक या इंग्रज रेसिडेंटाच्या काळात, १८०३ च्या सुमारास, रेसिडेन्सीची भव्य इमारत उभी राहू लागली आणि तिच्याभोवती ही बाजारपेठ वाढली. १९३३ साली हा भाग निजाम सरकारकडे परत आला व त्यास सुलतान बाजार हे नाव मिळाले. रेसिडेन्सीच्या इमारतीत पुढे उस्मानिया विद्यापीठाचे महिला महाविद्यालय आले. मराठी भाषकांची विवेकवर्धिनी शाळा जवळच जांबागेत आहे. या परिसराचा शैक्षणिक व राजकीय इतिहास बराच लिहिला गेला आहे. येथील ताटाचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) तेलंगणातील ३०.१ टक्के स्त्रिया व ३२.३ टक्के पुरुष अतिवजनाचे वा स्थूल आहेत. देशपातळीवर हे प्रमाण अनुक्रमे २४ व २२.९ टक्के आहे. याच पाहणीत देशातील १८.७ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी आढळले. एकाच गल्लीत दोन्ही प्रकारची घरे असतात, आणि कित्येकदा एकाच घरात दोन्ही प्रकारची माणसे.

ही स्थिती केवळ लोकांच्या खादाडपणातून आली काय? तसे म्हणणे सोपे आहे; इतिहास मात्र वेगळे सांगतो. मॅककॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनास आरंभ केला. त्यातून निर्माण झालेली पोषण प्रयोगशाळा डॉ. व्ही. एन. पटवर्धन संचालक असताना १९५८ साली हैदराबादला तारनाका येथे हलली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. त्या काळी तिच्यापुढचा प्रश्न उपासमारीचा होता. तेलंगण व मराठवाड्याच्या कोरडवाहू भागातील गरिबांचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी असे, आणि या ज्वारी खाणाऱ्यांत पेलाग्रा हा रोग आढळे. गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० साली त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या घटकाशी जोडला. पुढे या उपपत्तीवर मतभेद झाले. त्या ज्वारीलाच आज मधुमेही व स्थूल रुग्णांसाठी हितकर धान्य म्हणून गौरविले जाते. २०२३ हे वर्ष तर भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले. धान्य तेच राहिले, खाणाऱ्याचे जीवन बदलले.

हा बदल घडविण्यात शासनाचा हात मोठा होता. १९८३ साली एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना आणली. तिने गरिबाच्या घरची चूल पेटती ठेवली, हे कोणी नाकारू नये. परंतु भातास पूर्वी जी प्रतिष्ठा होती, ती आता रेशनच्या दरात मिळू लागली आणि भाकरी मागे पडली. ज्वारी थापणे कष्टाचे, भात शिजवणे सोपे, हेही कारण आहेच. पुढे १९९४ पासून पाम तेलाची आयात खुली झाली व तळलेले पदार्थ स्वस्त झाले. वनस्पती तूप तर १९३७ पासूनच ‘डालडा’ या नावाने घरोघरी पोहोचले होते. साखर, तेल आणि पांढरा तांदूळ एकत्र स्वस्त झाल्यावर माणसाने डाळी, भाज्या व फळे निवडावीत, अशी अपेक्षा अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाकडून करणे न्याय्य नव्हे.

दुसरी बाजू शरीराची. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरली. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापलेले हे उदाहरण आता प्रसिद्ध आहे. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासातही नवजात बाळे वजनाने लहान, पण चरबीने तुलनेने अधिक आढळली. म्हणजे आईच्या कुपोषणाचा वारसा मुलाच्या पोटाच्या घेरात उतरतो. याकरिताच भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली स्थूलतेची मर्यादा ३० ऐवजी २५ अशी ठरवली. गर्भातच पडलेल्या या ठशाची वैयक्तिक जबाबदारी कोणावर टाकणार?

तरीही व्यक्तीचे कर्तव्य उरतेच. पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. घरच्या कढईपुरते ते योग्यच आहे. पण बाहेरच्या समोशातील ट्रान्स फॅट ग्राहकाला दिसत नाही, समोशावर लेबल नसते. तेथे कायदाच हवा होता. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ही मर्यादा दोन टक्क्यांवर आणली गेली. केरळने २०१६ साली पिझ्झा-बर्गरवर १४.५ टक्के कर लावला, तो वर्षभरातच जीएसटीत विरून गेला. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शालेय उपाहारगृहांतून जास्त चरबी, मीठ व साखरेचे पदार्थ हटविण्याचा आदेश काढला.

व्यायामाचा प्रश्नही असाच. तालमी व आखाड्यांची परंपरा हैदराबादेत जुनी आहे, पण ती मुलांची. मुलींना मोकळेपणी धावता येईल अशी जागा बहुधा महाविद्यालयाच्या आवारातच मिळते. पालकांच्या मनातील सुरक्षिततेची काळजी पाहता, आवारातील मैदान मोकळे ठेवणे हे आरोग्याचेच धोरण आहे. २०२० साली सुलतान बाजारला मेट्रोचे स्थानक झाले. प्रवास सुखकर झाला. थोडे चालणे राहिले ते स्थानकापासून वर्गापर्यंत.

त्याच वर्षी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असे पदार्थ विकण्यास मनाई करणारे नियम केले. ते नियम शाळांसाठी आहेत. बारावी ओलांडून पदवीच्या वर्गात आलेल्या मुलीच्या फाटकासमोर गाडी कोठे उभी राहावी, याबद्दल त्यांत काही नाही. आणि महाविद्यालयाच्या उपाहारगृहात काय शिजेल, हे अजून व्यवस्थापन व शिक्षकांच्याच हाती आहे.