शौर्यकथांचे वाचक आणि सोळाव्या शतकातील स्पेन

सोळाव्या शतकात स्पेनमधील वाचकांना ज्या पुस्तकांनी वेड लावले, त्यांत शौर्यकथा अग्रभागी होत्या. भटका सरदार, त्याची प्रेमनिष्ठा, राक्षस, मांत्रिक आणि अज्ञात बेटे यांनी भरलेली ही दीर्घ गद्य आख्याने होती. त्यांपैकी सर्वांत गाजलेल्या ‘आमादिस दे गाउला’ची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील आवृत्ती १५०८ सालची आहे. संत तेरेसा हिने आत्मचरित्रात सांगितले आहे की, तिच्या आईला या पुस्तकांचा नाद होता आणि वडिलांना ती पसंत नसल्याने त्यांच्या नकळत ती वाचावी लागत.

मात्र वाचकांचे समाधान केवळ वाचनाने होत नव्हते. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडलेल्या, पुढे जेझुइट संघाचा संस्थापक झालेल्या इग्नेशियस लोयोला याने अंथरुणावर शौर्यकथाच मागितल्या होत्या, पण घरात त्या नसल्याने त्याच्या हाती ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे आली. त्याने ध्येय बदलले, पण कथेतील रीत सोडली नाही. नव्या सरदाराने दीक्षेपूर्वी शस्त्रांसह रात्र जागवावी या प्रथेप्रमाणे त्याने १५२२ च्या मार्चमध्ये मोन्सेर्रात येथे वेदीसमोर रात्र जागून काढली आणि तलवार तिथेच अर्पण केली.

अमेरिकेत गेलेल्या सैनिकांनी तर नवी भूमीच कथेच्या नजरेने पाहिली. १५१९ साली मेक्सिकोच्या सरोवरातील नगरे प्रथम दिसली तेव्हा सोबत्यांना आमादिसच्या पुस्तकातील जादुई दृश्ये आठवली, असे त्यांच्यापैकीच एक सैनिक बेर्नाल दीआस याने वृद्धापकाळी लिहिले. आमादिसच्या पुत्राच्या कथेत केवळ स्त्रियांची वस्ती असलेले ‘कॅलिफोर्निया’ नावाचे बेट आहे. स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या मोहिमा १५३० च्या दशकात ज्या द्वीपकल्पावर पोहोचल्या, ते प्रथम बेटच समजले गेले आणि लवकरच त्याला तेच नाव पडले.

या ओढीचे बळ राजसत्तेनेही ओळखले होते. १५३१ साली अशा कथा अमेरिकेत नेण्यास मनाई करणारे फर्मान निघाले आणि पुढे ते पुन्हा काढावे लागले, यावरूनच त्याचे पालन किती होत होते हे दिसते. अक्षरओळख झालेले स्थानिक लोक कल्पित कथा आणि धर्मग्रंथ यांना एकाच मापाने मोजतील, ही त्यामागील भीती होती. ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण खुद्द स्पॅनिश वाचकांनीच ही सीमा कितीदा ओलांडली होती.

कथा जगू पाहणाऱ्या वाचकाचे सर्वांत सहृदय चित्र सेर्व्हांतेसच्या ‘दोन किहोते’मध्ये (१६०५) आहे. या कादंबरीतील उपहास वाचकांना या हौसेपासून परावृत्त करील अशी अपेक्षा असती, तर ती फोल ठरली. १६०७ साली पेरूतील पाउसा या खाणवस्तीत नव्या व्हाइसरॉयच्या नियुक्तीनिमित्त झालेल्या उत्सवात एक इसम दोन किहोतेच्या वेशात, सोबत त्याचा सेवक सांचो पांसा याला घेऊन मैदानात उतरला आणि त्याने बक्षीसही मिळवले.