परतूरहून दिल्ली

सेलूच्या फलाटावर सकाळची गाडी धरली की परतूर अर्ध्या-पाऊण तासात येते. या गावी मी कितीतरी वेळा गेलो आहे. कधी सोयरिकीच्या बोलण्यासाठी, कधी परीक्षेच्या पर्यवेक्षणासाठी. पण पानिपतच्या मोहिमेची वाट याच गावातून सुटली, हे वयाच्या तिशीपर्यंत मला ठाऊक नव्हते. ‘भाऊसाहेब पुण्याहून दिल्लीकडे निघाले’ असे मी वर्गात बिनदिक्कत सांगत असे, आणि मुले विश्वासाने ते वहीत उतरून घेत. त्या मुलांची आता लग्ने झाली. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हा दिवाळी अंक पडला, तर त्याने मास्तरांना क्षमा करावी.

भाऊसाहेब त्या वेळी पुण्यात नव्हतेच. ३ फेब्रुवारी १७६० रोजी त्यांनी उदगीरला निजामाचा मोड केला होता. तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी त्यांच्या पदरी होता आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर अशी ठाणी पदरात पडत होती. घरी परतून विजयाचे नारळ फोडायचे, तोच उत्तरेची बातमी आली. दत्ताजी शिंदे १० जानेवारीलाच यमुनेच्या काठी बुराडी घाटावर पडले होते. बातमी दक्षिणेत पोचायला महिना लागला. अहमदनगरहून नानासाहेब पेशवे आणि उदगीरकडून भाऊ असे दोघे येऊन मिळाले ते परतुरास. जुन्या लिखाणात हे गाव पटदूर, पडदूर, परतूड अशा नाना रूपांनी येते. इथे मसलत झाली, इथेच माणसे ठरली, आणि मार्चच्या मध्यावर, पाडवा अगदी तोंडावर आला असताना, फौजेने उत्तरेकडे तोंड केले. भाऊंना तेव्हा तिसावेही पुरे लागले नव्हते. बरोबरचे विश्वासराव तर अठराच्या आतबाहेरचे. आमच्याकडे त्या वयाचा मुलगा बारावीच्या परीक्षेला बसतो.

परतूर तालुका १ मे १९८१ पर्यंत आमच्या परभणी जिल्ह्यात होता. त्या दिवशी जालना जिल्हा नवा झाला आणि परतूर तिकडे गेले. ‘पानिपतची फौज आमच्या जिल्ह्यातून निघाली’ असे म्हणण्याचा आमचा हक्क त्याच दिवशी कागदावरून उतरला. पण दुधना अजून दोन्ही जिल्ह्यांतून वाहते, आणि मी तरी तो हक्क सोडायला तयार नाही.

गेल्या उन्हाळ्याआधी आमच्या शाळेतले भूगोलाचे सर आणि मी यांनी एक बेत केला. त्यांच्या भावाची जीप होती. मे महिन्याच्या सुट्टीत परतूरहून निघायचे आणि भाऊसाहेबांच्या वाटेने दिल्ली गाठायची. नकाशा पसरला, वही काढली. सिंदखेड, बऱ्हाणपूर, हंडियाला नर्मदा, सिहोर, बेरसिया, सिरोंज, नरवर, ग्वाल्हेर, चंबळ, धोलपूर, आग्रा, मथुरा, दिल्ली. आजच्या सडकेने हजार-बाराशे किलोमीटर. सर म्हणाले, “चार मुक्काम. फार झाले तर पाच.”

चहा घेऊन आलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी वहीवरून नजर फिरवली आणि विचारले, “अहो, मे महिन्यात? आणि पाण्याचं काय?”

मी हसलो खरा. पण रात्री पुस्तके पुढे ओढून बसलो, तेव्हा कळले की अडीचशे वर्षांमागे परतूरच्या छावणीतही हाच प्रश्न होता, आणि पुढे सारे बिनसले तेही याच प्रश्नापाशी.

उत्तरेकडे जायला त्या काळी ढोबळमानाने दोन वाटा होत्या. एक माळव्यातून पश्चिमेला कलून राजपुतान्याच्या कडेकडेने जाणारी. दुसरी सिरोंज-ग्वाल्हेरवरून सरळ. पहिल्या वाटेवर मारवाडचे वाळवंट हाताशी येते. तिथली वाळू मराठ्यांनी पुरती ओळखली होती. जयाप्पा शिंदे नागोरला वेढा घालून बसले आणि १७५५ साली तिथेच दग्याने मारले गेले. चैत्र-वैशाखात हजारो घोडी-बैलांना त्या मुलखात पाणी कुठून पाजायचे? शिवाय राजपूत राजांची मने आपण आधीच दुखावून ठेवलेली. भाऊंनी दुसरी वाट धरली, ती माझ्या मते पुरता विचार करून. तापी, नर्मदा, बेतवेचा प्रदेश, सिंध, चंबळ असा एका नदीचा आधार सुटायच्या आत दुसरीचा सापडतो. या माणसाला अहंकारी, उतावळा म्हणणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वाटेच्या निवडीत तरी हिशेब मांडणारा कारभारी दिसतो. पानिपतापूर्वी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे दौलतीच्या जमाखर्चातच घालवली होती, हे विसरू नये.

चूक वाटेत नव्हती, ती पंचांगात होती. आपल्याकडे स्वारीला निघायचे ते दसऱ्याला. शिलंगण झाले, पिके हाती आली, नद्या उतरल्या की घोड्यावर जीन. पुढचे सात-आठ महिने कोरडे. मृगाच्या आत घरी. ही फौज निघाली ती पाडव्याला, म्हणजे कोरडा हंगाम निम्म्यावर आला असताना. दिल्ली चार महिन्यांची वाट, आणि आषाढ तीन महिन्यांवर. हे गणित आमच्या पाचवीच्या पोरालाही सुटते. ते परतुरास बसलेल्यांना सुटले नसेल असे कोण म्हणेल? पण दत्ताजी पडल्यावर दसऱ्याची वाट पाहायची कशी? तोवर अब्दालीने दिल्लीच पचवली असती. काही प्रवास मुहूर्त पाहून निघता येत नाहीत.

मग एकच उपाय उरतो, वेगाने जाणे. थोरल्या बाजीरावांनी १७३७ मध्ये हलक्या घोडदळानिशी दिल्लीच्या दारात जाऊन बादशहाची झोप उडवली होती. पण भाऊंच्या सोबत इब्राहिमखानाच्या तोफा होत्या. तोफ बैलांच्या चालीने जाते. १४ मार्चच्या सुमारास परतूर सोडलेली फौज मेअखेरीस ग्वाल्हेरला पोचली. अडीच महिने. सरांनी पेन्सिलीने भागाकार केला. मुक्काम धरून रोजची चाल साधारण अकरा किलोमीटर, म्हणजे साडेतीन-चार कोस. आमची पोरे सायकलवर याहून लांबच्या शाळेत जातात.

आणि तोफांहून जड ओझे निराळेच होते. आमच्या बेताची बातमी घरात फिरत फिरत माजघरात पोचली, आणि दुसऱ्या दिवशी आईने मला गाठले.

“वाटंत मथुरा लागती म्हनं?”

“लागते.”

“मंग मलाबी ने रं बाबा. किती वर्सं झाली, म्हन्ते मी. आन् शेजारच्या काकूबी येतीन. त्या काय जागा अडवत न्हाईत.”

शनिवारपर्यंत जीपमध्ये नऊ माणसे झाली होती. काकूंची नात, सरांचे सासरे, एक हरिपाठाची पोथी, लोणच्याच्या दोन बरण्या. सर कपाळाला हात लावून म्हणाले, “हे बाजारबुणगे झाले!”

इतिहासाच्या पुस्तकांत ‘बाजारबुणगे’ हा शब्द फार सोपा वाटतो. लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे जास्त, म्हणून पानिपत बुडाले, असे आपण एका वाक्यात उरकतो. पण जरा त्या माणसांच्या जागी उभे राहून पाहावे. इकडच्या साध्या गृहस्थाला मथुरा, प्रयाग, काशी डोळ्यांनी पाहायची, तर वाटेत ठग, पेंढारी, जकातीची ठाणी, अनोळखी मुलूख. सुरक्षित अशी एकच गोष्ट उत्तरेकडे जात होती, ती म्हणजे पेशव्यांची फौज. तिच्या सावलीत चालले की यात्रा घडत होती. शिवाय उदगीरचा विजय ताजा, मराठी घोडे दोन वर्षांपूर्वी अटकेला जाऊन आलेले. हार होईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. भाऊंची पत्नी पार्वतीबाई बरोबर होत्या. अठरा वर्षांचे नाना फडणीस आपल्या आईला आणि पत्नीला घेऊन निघाले होते, आईला तीर्थे घडवावी म्हणून. सेनापतीने स्वतःचे कुटुंब घेतल्यावर शिलेदाराच्या म्हातारीला ‘तू येऊ नकोस’ कोणत्या तोंडाने सांगायचे? मला माझ्या आईला सांगता आले नाही, आणि मी तर साध्या जीपचा सेनापती.

पण या वाटेचा खरा परीक्षक चंबळ आहे. ही नदी विंध्यात, महूजवळच्या जानापाव डोंगरात उगम पावते आणि उत्तरेला येता येता आपल्या दोन्ही काठांची माती अशी कुरतडते की कोसच्या कोस जमीन म्हणजे नुसत्या घळी. तिकडे त्यांना ‘बीहड’ म्हणतात. आपल्याकडे सह्याद्रीच्या दऱ्या काळ्या दगडाच्या असतात. पाऊस त्यांना फार तर धुतो. इथली दरी मातीची. पाऊस तिला दरसाल नव्याने कापतो, काल वाट होती तिथे आज कडा. वरून सपाट माळ दिसतो, आणि दहा पावले पुढे गेले की पायाखाली तीन-चार पुरुष खोल खाई. आत उतरले की दोन्हीकडे पिवळट भिंती, वर आभाळाची चिंधी. डाकूंनी याच घळींत पिढ्यान्‌पिढ्या आसरा घेतला, आणि मे १९६० मध्ये, भाऊंची फौज या मुलखाशी आली त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, एक मराठी माणूस पायी या घळींत गेला व काही डाकूंनी त्याच्यापुढे बंदुका ठेवल्या. ते विनोबा. त्यांच्याबरोबर तोफखाना नव्हता.

अशा घळींतून गाडी जाते ती एकामागे एक. पुढच्या बैलाने बैठक मारली की मागची सारी रांग थांबली. तोफेचे चाक कोरड्या मातीत रुतते आणि ओल्या मातीत घसरते. भाऊ चंबळ ओलांडून धोलपुराकडे आले ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि आभाळ फुटले. पुढची नदी गंभीर. एरवी तिला कोणी नदीही म्हणू नये, पण त्या वर्षी ती भरली, आणि फौज तिच्याकाठी जवळजवळ महिनाभर अडकून पडली.

मूळ बेत दिल्लीचा नव्हताच. गोविंदपंत बुंदेल्यांनी इटाव्याकडे नावा गोळा कराव्यात, यमुनेवर पूल बांधावा, आणि भाऊंनी अंतर्वेदीत उतरून अब्दाली-नजीबखानाला गाठावे, असे ठरले होते. कागदावर बेत चोख होता. पण गंभीरेने महिना खाल्ला तोवर यमुना दोन्ही काठ भरून चालली. पूल झाला नाही. जुलैत शुजाउद्दौला अब्दालीला जाऊन मिळाला. अब्दाली पलीकडच्या काठी अनूपशहरला पावसाळा काढीत बसला. मग या काठाने वर जायचे एवढेच उरले. मथुरेवरून फौज दिल्लीला पोचली, ऑगस्टच्या आरंभी दिल्लीचा किल्ला हाती आला. तिजोरी मात्र रिकामी. दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत उतरवून नाणी पाडावी लागली, तेव्हा कुठे शिपायांच्या पोटाला मिळाले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लांबवीत नाही. दसरा कुंजपुऱ्याला झाला. ठाणे जिंकले, धान्य मिळाले, आनंद झाला. ऑक्टोबरच्या पंचविशीला अब्दाली बागपताशी यमुना उतरून अलीकडे आला, आणि परतूरकडे येणारी वाट बंद झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दिवाळी आली ती पानिपतच्या खंदकाआड. आपण आज फराळाची ताटे पुढे घेऊन हे वाचतो आहोत. त्या छावणीत त्या दिवशी पणत्यांना तेल मिळाले असेल का, हा विचार मला दरवर्षी एकदा तरी येतो. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, आणि सारे संपले. नाना फडणीस जीव वाचवून परतले. आपली ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यांच्या आई परतल्या नाहीत.

ही गोष्ट मी एका संध्याकाळी आईला सांगितली. तिला बिथरवावे, म्हणजे जीपमधली एक जागा सुटेल, असा माझा अंतस्थ हेतू होता, तो कबूल करतो. ती वाती वळता वळता ऐकत होती.

“ती म्हातारी मथुरेला पोचली व्हती का पर?”

“फौज मथुरेवरूनच गेली. पोचलीच असणार.”

“मंग झालं तर,” आई म्हणाली, आणि पुन्हा वातींकडे वळली.

मे महिन्यातला बेत आम्ही रद्द केला. दिवाळीच्या सुट्टीत, पाऊस सरल्यावर, नद्या उतरल्यावर निघायचे ठरले आहे. हे पंचांगही परतूरनेच शिकवले. धोलपुराच्या अलीकडे चंबळेवर आता पक्का पूल आहे, आणि जीप त्यावरून दोन मिनिटांत पलीकडे जाते. खाली पात्रात सुसरी राखल्या आहेत, त्या पाहायला थांबावे असे भूगोलाच्या सरांचे म्हणणे. मी मात्र पुलाच्या अलीकडे जीप सोडून एखाद्या घळीत पायी उतरणार आहे. माणसे आता दहा झाली आहेत. दुसरी जीप पाहावी लागेल.