गायकाचा परिचय : पदवी, गुरू आणि क्रियापद

गायकाचा परिचय लिहिण्याची गरज उत्पन्न झाली ती श्रोता अनोळखी झाला तेव्हा. दरबारी गवयास ती नव्हती. आश्रयदाता त्याचे घराणे जाणूनच त्यास ठेवून घेई. तिकीट काढणारा श्रोता व तबकडी विकत घेणारे गिऱ्हाईक यांना मात्र कोण गात आहे हे सांगणे भाग पडले. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले. तिच्या तबकड्यांच्या अखेरीस ती स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारते. तबकड्या परदेशी घडविल्या जात; तेथील कारागिरांना गायिका ओळखता यावी, हा त्यामागील हेतू सांगितला जातो.

मराठी मुलखात हे काम पुष्कळ अंशी पदवीने केले. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८–१९६७) 'बालगंधर्व' झाले. ही पदवी लोकमान्य टिळकांच्या उद्गारातून आली, अशी परंपरा आहे. मग रामभाऊ कुंदगोळकर 'सवाई गंधर्व', सौदागर नागनाथ गोरे 'छोटा गंधर्व', शिवपुत्र कोमकळी 'कुमार गंधर्व'. राजहंसांच्या कीर्तीनंतर 'गंधर्व' हा शब्द स्वर्गातील गायकाआधी त्यांनाच सुचवू लागला, असे दिसते. 'सवाई' म्हणजे सव्वापट. कोणाच्या, हे सांगावे लागत नाही. (रामभाऊंचा जन्म १८८६ चा, म्हणजे ते 'बाल' गंधर्वांहून वडीलच!) संपूर्ण परिचय दोन शब्दांत आटोपला.

छापील परिचयात पदवीमागोमाग गुरूंची नावे येतात, आणि खरी अडचण तेथे आहे. 'तालीम घेतली' यात वर्षे गृहीत असतात; 'मार्गदर्शन लाभले' यात एखादी दुपारही सामावते. दोन्ही एकाच ओळीत बसविली की श्रोता फसतो, आणि पन्नास वर्षांनी तोच कागद पुरावा मानणारा संशोधकही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्याविषयी फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ ही नावे लिहिली असता ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही गायकींचा माग लागतो, कारण त्यांनी तिघांकडेही खरोखर शिक्षण घेतले होते. तशीच नावांची माळ इतरत्र नुसती शोभेची असते.

आमचे विद्यार्थी संगीतसभांच्या पत्रिकांसाठी परिचय लिहून देतात. त्यांतील 'सुविख्यात' मी खोडतो व समासात विचारतो : कोणाकडे, कोठे, किती वर्षे? एका मसुद्यातील पाच गुरूंपैकी या प्रश्नांनंतर दोनच उरले. गायकाने तो मसुदा विनातक्रार छापू दिला.