ताबा कीं चितपट?

कृष्णाकांठचे सातारा व सांगली हे जिल्हे आज वेगळे असले तरी त्यांच्या कुस्तीचा इतिहास वेगळा सांगतां येत नाहीं. जुन्या साताऱ्यांतून १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निघाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. परंतु कागदावरची ही रेघ जत्रेच्या मैदानांत कधींच उमटली नाहीं. पुसेगांवची सेवागिरी महाराजांची यात्रा असो वा कुंडलचें मैदान असो, हलगी तीच, लाल माती तीच, आणि प्रेक्षकांचा हट्टहि तोच कीं, कुस्ती निकाली झाली पाहिजे.

या ‘निकाली’ शब्दांतच आमच्या आजच्या विषयाचें बीज आहे. मातीवरच्या जुन्या कुस्तींत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीस लागली म्हणजे निकाल. त्याच्या अलीकडे जें कांहीं घडलें त्याची कोठें नोंद नाहीं. एखाद्या पैलवानानें पट काढून समोरच्यास खालीं आणावें, त्याजवर सवारी भरून अर्धा तास त्यास हलूं देऊं नये, आणि तरीहि त्यास उलथतां न आल्यामुळें कुस्ती बरोबरींत सुटावी, असें शेंकडों वेळां घडलें आहे. उलटपक्षीं जगाच्या मान्यतेच्या गादीवरील कुस्तींत प्रत्येक पायरीस गुण आहे. तेव्हां प्रश्न असा कीं, ताबा मिळविणें ह्या अर्ध्या यशाचें मोल किती धरावें?

हा वाद एकट्या कुस्तीचा आहे असें नव्हे. अमेरिकेंत तेथल्या फुटबॉलमधील खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ जुळवून त्यांच्या कामगिरीचे गुण मोजण्याचा एक छंद आहे. तेथेंहि चेंडू नुसता झेलला म्हणून एक गुण द्यावा, अर्धा द्यावा, कीं मुळींच देऊं नये, यावर एकमत नाहीं. झेल हा तेथला ताबा होय. झेलल्यानंतर कापलेलें अंतर हें त्याचें फळ. वाटेस गुण द्यावा कीं मुक्कामास, हाच दोहींकडील मूळ प्रश्न आहे.

आमच्या भागास या प्रश्नाची जाणीव करून दिली ती कऱ्हाडाजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांच्या कारकीर्दीनें. मातींत वाढलेला हा मल्ल १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें गादीवर उतरला व सहावा आला. पुढें १९५२ सालीं हेलसिंकी येथें कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरवून त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताचें हें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्या काळच्या ऑलिंपिकमधील हिशेब मोठा उद्बोधक होता. तेथें मल्लाच्या नांवावर दोषांक चढत. चितपट करून जिंकणारास दोषांक नाहीं. परंतु पंचांच्या निर्णयानें जिंकणारासहि एक दोषांक लागे, आणि दोषांक पांचावर गेले कीं स्पर्धेंतून बाहेर जाण्याची पाळी येई. म्हणजे विजय मिळूनहि तो निकाली नसल्यास त्याचा थोडा दंड भरावा लागे! कुंडलच्या मैदानांतील म्हाताऱ्या वस्तादास हा नियम कोणी समजावून सांगितला असता, तर त्यानें पसंतीची मानच डोलविली असती.

पुढें ही पद्धति गेली. २००५ पासून दोन-दोन मिनिटांचे डाव होऊन तीनपैकीं दोन जिंकणारा विजयी ठरूं लागला. ताब्यास त्या वेळीं एकच गुण असे. एका गुणावर डाव सुटत असल्यामुळें मल्ल हात आंखडून लढूं लागले आणि खेळ नीरस झाला, अशी ओरड झाली. २०१३ च्या फेब्रुवारींत कुस्तीस २०२० च्या ऑलिंपिकमधून वगळण्याची शिफारस झाली, तेव्हां जागतिक संघटना खडबडून जागी झाली. त्याच वर्षीं तीन-तीन मिनिटांचे दोन भाग व सर्व गुणांची एकत्र बेरीज, अशी रचना आली आणि ताब्यास दोन गुण झाले. सप्टेंबरांत कुस्तीचें स्थानहि परत मिळालें.

ताब्याचें मोल दुप्पट करणें योग्य होतें काय? आमच्या भागांतील जुनी पिढी म्हणेल, ‘नाहीं.’ खालीं आणण्यास दोन गुण आणि पाठ दाखविण्यासहि दोनच, हा कोठला न्याय? दोन गुण गांठीं बांधून उरलेला वेळ पळ काढणें ही मल्लविद्या नव्हे, वाणीपणा होय. या आक्षेपांत तथ्य आहे. परंतु जुन्या पद्धतींतील अन्यायहि डोळ्यांआड करतां येत नाहीं. कमजोर पैलवानानें पालथें पडून माती धरावी व शेवटीं बरोबरीचा मान घ्यावा, यांत अर्धा तास राबलेल्या मल्लास काय मिळालें?

आणि गुणांचा हिशेब आतां आमच्या मातींतहि शिरला आहे. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत माती व गादी असे दोन विभाग असून त्यांचे विजेते अखेरीस एकमेकांशीं भिडतात. २०२२ सालीं ही स्पर्धा खुद्द साताऱ्यास झाली आणि पृथ्वीराज पाटील यांनीं विशाल बनकर यांस ५–४ असें हरवून गदा मिळविली. निकाली कुस्तीवर पोसलेल्या साताऱ्यानें एका गुणाच्या फरकाचा विजय पाहिला. पुढच्या वर्षीं पुण्यास माती विभागांत महेंद्र गायकवाड यांच्या एका डावास मिळालेल्या चार गुणांवरून जो वाद पेटला, तो महाराष्ट्रभर चर्चिला गेला. त्या निर्णयाचा न्याय आम्ही येथें करीत नाहीं. परंतु डावाचें मोल ठरविणें म्हणजे कोणाचे कष्ट मानावयाचे हें ठरविणें होय, एवढें त्यावरून स्पष्ट झालें.

आमचें मत असें आहे कीं, ताब्यास गुण हवा. तथापि तो उसना दिला आहे, अशाच भावनेनें द्यावा. आजच्या नियमांतहि उभ्यानें थेट पाठीवर पाडणारास चार गुण आहेत. गुण समान झाल्यास मोठ्या मोलाचा डाव करणारा सरस ठरतो. आणि चितपट होतांच सारी बेरीज पुसली जाते. ही श्रेणी पंचांनीं निष्ठेनें राखिली आणि पळ काढणारास वेळींच ताकीद दिली, तर वाट व मुक्काम दोहोंचा मान राहील.

खरी चिंता निराळीच आहे. कवठे पिरानच्या मारुती मानेंनीं १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक मिळविलें, आणि १९६४ सालीं ते हिंदकेसरीहि झाले. मातींतला मल्ल गादीवरहि जिंकूं शकतो, याचा हा पुरावा आहे. मात्र तालमींतील पोरास दोन्ही हिशेब लहानपणापासून ठाऊक असले पाहिजेत. नाहींतर जत्रेंतला निकाली पैलवान गादीवर एका गुणानें हरेल, आणि गादीवरचा हिशेबी मल्ल जत्रेंत बरोबरी सोडवून शिट्ट्या खाईल. या दोहोंपैकीं कोणतेंहि दृश्य कृष्णाकांठास शोभणारें नाहीं.