टेकड्या, वाडे आणि टॉवर : पुण्यातील मोबाईलची 'रेंज' व वेग

पुणे शहरात मोबाईलची 'रेंज' आणि इंटरनेटचा वेग या दोन तक्रारी नेहमी एका दमात केल्या जातात. प्रत्यक्षात या दोन भिन्न गोष्टी असून, त्यांची कारणेही वेगळी आहेत. मोबाईलच्या पडद्यावरील उभ्या दांड्या टॉवरकडून येणाऱ्या लहरी किती जोरकस आहेत, एवढेच सांगतात. त्या टॉवरवर त्या क्षणी किती ग्राहकांचा भार आहे, हे त्या सांगत नाहीत. त्यामुळेच विसर्जन मिरवणुकीच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर दांड्या पूर्ण दिसतात आणि साधा फोन मात्र लागत नाही.

पुण्याची आणखी एक अडचण आहे आणि ती कागदावरची आहे. १९९४ मध्ये खासगी मोबाईल सेवेचे पहिले परवाने मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांना स्वतंत्रपणे मिळाले. पुणे त्यात नव्हते. मुंबई, ठाणे, नवी मुंबई व कल्याणचा परिसर वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक 'सर्कल' झाले व पुणे त्यात गेले. घाट उतरून नवी मुंबईची हद्द लागली, की पुण्याचा मोबाईल 'रोमिंग'वर जात असे आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. जुन्या ग्राहकांना हे चांगलेच आठवत असेल. रोमिंगचा भुर्दंड गेला, सर्कल मात्र राहिले. सेवेच्या दर्जाचे आकडे अनेकदा सर्कलनिहाय जाहीर होतात. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सरासरीत कोथरूडचा किंवा हडपसरचा ग्राहक काय अनुभवतो, हे शोधणे व्यर्थ आहे.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत मात्र शहर मागे राहिले, असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये एअरटेलने पुण्यात 'फोर-जी' सेवा सुरू केली. कोलकाता व बंगळूरनंतर ही सेवा मिळालेले पुणे हे देशातील तिसरे शहर होते. त्या वेळी ही सेवा 'डोंगल' आणि घरगुती राऊटरवरच मिळे, कारण ती वापरता येईल असे मोबाईल संचच बाजारात जवळपास नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर स्वस्त डेटा घरोघरी पोचला. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात 'फाइव्ह-जी'ला प्रारंभ झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जिओने ती सेवा पुण्यात आणली.

भूगोलाचा अडसर

पुण्याच्या पहिल्या फोर-जी सेवेची लहर २३०० मेगाहर्ट्झची होती. लहरीचा आकडा जितका मोठा, तितकी तिची माहिती वाहण्याची सोय सहसा अधिक. पण पल्ला कमी आणि भिंतीतून आत शिरण्याची ताकदही कमी. ९०० मेगाहर्ट्झची लहर घराच्या आतल्या खोलीपर्यंत पोचते, तेथे २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झची लहर उंबऱ्यातच दम तोडते. सदाशिव, नारायण, कसबा या पेठांतील जाड भिंतींचे वाडे, त्यांना खेटून उभ्या राहिलेल्या काँक्रीटच्या इमारती आणि मधले अरुंद बोळ यांत नेमके हेच होते. खराडी, हिंजवडीच्या कार्यालयांची काच दिसायला पारदर्शक असली, तरी उन्हापासून बचावासाठी तिच्यावर दिलेला धातूचा पातळ थर लहरींना भिंतीइतकाच अडवतो. अशा इमारतींत आतल्या बाजूने छोटे अँटेना बसवल्याखेरीज गत्यंतर नसते. भुयारी मेट्रो स्थानकांनाही हाच नियम लागू पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मार्ग सुरू झाला; जमिनीखाली बाहेरच्या टॉवरचा काहीही उपयोग नसतो.

त्यात टेकड्यांची भर. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, तर वेताळ टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटरवर. पर्वती, तळजाई, बाणेर-पाषाणच्या टेकड्याही शहराच्या मधोमध उभ्या आहेत. टेकडीच्या एका बाजूच्या टॉवरची लहर पलीकडच्या उतारावर जवळपास पोचत नाही. उन्हाची सावली पडावी, तशी रेंजची सावली पायथ्याच्या वस्तीवर पडते. माथ्यावर टॉवर उभारावा, तर टेकड्यांवरील बांधकामावर निर्बंध आहेत आणि ते असावेत, असेच बहुतेक पुणेकरांना वाटते.

वेगाचे गणित

फोर-जीच्या एका अँटेनाला २० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला, तर त्याची कमाल क्षमता प्रचलित मांडणीत सेकंदाला सुमारे १५० मेगाबिट असते. ही क्षमता एका ग्राहकाची नसून त्या अँटेनाच्या टप्प्यातील सर्वांची मिळून असते. पन्नास जण एकाच वेळी चित्रफीत पाहू लागले, की सरळ भागाकाराने प्रत्येकाच्या वाट्याला तीन मेगाबिट येतात. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. जाहिरातीतील आकडा या कमाल क्षमतेच्या जवळचा असतो, हे ध्यानात ठेवलेले बरे. शिवाय आठ 'बिट' मिळून एक 'बाइट' होतो. म्हणजे वेग दहा मेगाबिट असेल, तर सेकंदाला सव्वा मेगाबाइटच उतरवले जाते. सरकारी व्याख्येनुसार ब्रॉडबँडचा किमान वेग २००४ मध्ये २५६ किलोबिट होता. २०२३ पासून तो दोन मेगाबिट आहे.

भार वाटून घेण्यासाठी टॉवर वाढवणे हाच उपाय, आणि तेथेच घोडे अडते. गच्चीवरील टॉवरचे भाडे सोसायटीला हवे असते. शेजारच्या सोसायटीला किरणोत्साराची धास्ती वाटते. भारताने सप्टेंबर २०१२ पासून या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. परिणामी एकाच टॉवरची शक्ती वाढवून भागत नाही, जवळजवळ अधिक टॉवर लागतात. विरोध टॉवरच्या संख्येला होतो, परंतु संख्या वाढण्याचे एक कारण ही कडक मर्यादाच आहे, हे चर्चेत क्वचितच येते.

टॉवरवर मालमत्ता कर आकारता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला होता. नंतर २०२३ च्या दूरसंचार कायद्याने दूरसंचार जाळे हे मालमत्ता कराच्या दृष्टीने त्या जागेचा भाग नाही, असे ठरवले. पुणे व खडकी कॅन्टोन्मेंटमध्ये जमीन संरक्षण खात्याशी निगडित असल्याने परवानगीची वाट वेगळी आणि लांबची आहे. महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. त्या भागांत इमारती आधी आणि सुविधा नंतर हा क्रम रस्ते-पाण्याप्रमाणे मोबाईललाही लागू पडला. टॉवर उभा राहिला, तरी तो मुख्य जाळ्याला जोडणारी फायबर केबल रस्ता खोदूनच न्यावी लागते, आणि पावसाळ्यात खोदाई बंद असते.

संकटकाळात

या साऱ्याची खरी परीक्षा पुरात होते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने पुणे व परिसरात वीसहून अधिक बळी घेतले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याच्या विसर्गामुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्यात गेली. अशा वेळी सुरक्षिततेसाठी वीज बंद ठेवावी लागते आणि टॉवर बॅटरी व डिझेल जनरेटर टिकेल तोवरच चालतो. त्याच वेळी सगळेच फोन लावू लागतात. सरकारने २०२३ मध्ये चाचणी घेतलेले 'सेल ब्रॉडकास्ट' इशारे या कोंडीत अडकत नाहीत, कारण ते टॉवरच्या टप्प्यातील सर्व संचांना एकदमच जातात. मात्र टॉवर चालू असावा लागतो.

स्वतःच्या कंपनीची रेंज नसली, तरी ११२ क्रमांकावरचा फोन परिसरातील दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. ही सोय रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकाला मिळेलच असे नाही. म्हणून रेंज गेलेली असताना ११२ लावणे अधिक शहाणपणाचे.

एरवी घरात रेंज नसेल, तर ब्रॉडबँड जोडणीवरून 'वाय-फाय कॉलिंग' हा सर्वांत सोपा मार्ग आहे. बाजारात मिळणारे 'बूस्टर' परवानगीविना लावणे बेकायदा असून, त्यामुळे आजूबाजूच्या ग्राहकांची सेवा बिघडते. कंपनी बदलण्यापूर्वी दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांनी संकेतस्थळावर दिलेले नकाशे पाहावेत. पण हे नकाशे प्रामुख्याने घराबाहेरची स्थिती दाखवतात. त्यापेक्षा त्या कंपनीचे कार्ड असलेल्या शेजाऱ्याला घरात बोलावून, आतल्या खोलीतून आणि रात्री नऊच्या सुमारास फोन लावून पाहावा. तक्रार प्रथम कंपनीच्या ग्राहक केंद्राकडे करून तिचा क्रमांक घ्यावा आणि समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही.