पंप

आमच्या स्वयंपाकघरात एक जुना स्टीलचा डबा आहे. सध्या त्यात रवा असतो. हा डबा मला शाळेत असताना सायकलच्या शर्यतीत बक्षीस मिळाला होता. खरं तर तो माझा नाही. कसा, ते सांगतो.

तेव्हा आम्ही सांगलीत राहायचो. गल्लीतल्या मंडळाने सांगली ते मिरज आणि परत अशी शर्यत ठेवली होती. निम्म्या पोरांच्या सायकली तासाच्या भाड्याने आणलेल्या. आमच्या वर्गातल्या एकाला बाळदमा होता. उसाचा हंगाम सुरू झाला आणि शेतात पाचट जळायला लागलं की तो आठ-आठ दिवस शाळेत दिसायचा नाही. शर्यत सुरू व्हायच्या आधी त्याने खिशातून पंप काढला, दोनदा तोंडात मारला आणि रांगेत येऊन उभा राहिला. तो दुसरा आला आणि मी तिसरा. आम्ही चौघांनी जाऊन तक्रार केली, "तो पंप मारून आलाय!" पंच मंडळी हसली, थोडा वेळ आपसात बोलली आणि डबा माझ्या हातात आला. तो काहीच बोलला नाही. सायकल ढकलत घरी गेला.

परवा दम्याच्या औषधांचा इतिहास वाचत बसलो होतो, तेव्हा हे सगळं आठवलं.

दम्याच्या औषधाची एक वाट आपल्याच देशातून जाते. धोतऱ्याचा धूर ओढला की श्वास मोकळा होतो, हे इथल्या वैद्यांना ठाऊक होतं. १८०२ च्या सुमारास ही माहिती मद्रासेहून इंग्लंडला गेली आणि पुढे तिकडे धोतऱ्याच्या विड्या दम्यावर विकल्या जाऊ लागल्या. १८८५ मध्ये जपानच्या नागाई यांनी एका चिनी वनस्पतीतून एफेड्रिन वेगळं काढलं. १९५६ मध्ये मापून डोस देणारा पंप आला आणि १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल बाजारात आलं. आपल्याकडे सिप्लाने सत्तरच्या दशकात असे पंप आणले.

औषध आणि खेळ यांची पहिली मोठी टक्कर १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये झाली. सोळा वर्षांचा अमेरिकन जलतरणपटू रिक डिमाँट ४०० मीटरमध्ये पहिला आला. त्याच्या दम्याच्या गोळीत एफेड्रिन होतं. फॉर्मवर त्याने ते लिहिलंही होतं. त्याच्या संघाच्या डॉक्टरांनी मात्र ते पुढे कळवलं नाही. सुवर्णपदक गेलं. त्याच्या देशाच्या ऑलिंपिक समितीला आपली चूक मान्य करायला २००१ साल उजाडलं.

सायकलिंगमध्ये तर अशी प्रकरणं एकामागून एक आली. इटलीच्या आलेस्सांद्रो पेटाकीकडे साल्ब्युटामॉलची रीतसर परवानगी होती. २००७ च्या जिरोमध्ये त्याच्या लघवीत ते मर्यादेपेक्षा जास्त निघालं. फसवण्याचा हेतू नव्हता, पण पुरेशी काळजी घेतली नाही, असं लवादाने म्हटलं आणि त्याच्यावर बंदी घातली. त्याने जिंकलेले पाच टप्पेही गेले. सायमन येट्सच्या बाबतीत २०१६ मध्ये टर्ब्युटालिनचा अर्ज करायचा संघाच्या डॉक्टरकडूनच राहिला. त्याला चार महिने बाहेर बसावं लागलं. याच येट्सने पुढे २०१८ ची वुएल्टा आणि २०२५ ची जिरो जिंकली. ख्रिस फ्रूमच्या नमुन्यात २०१७ च्या वुएल्टामध्ये मर्यादेच्या दुप्पट साल्ब्युटामॉल सापडलं. बराच गदारोळ झाला आणि जुलै २०१८ मध्ये प्रकरण बंद झालं. त्याच्यावर कारवाई झाली नाही.

पण सगळेच बिचारे, असंही नाही म्हणता येत. ब्रॅडली विगिन्सला २०११ आणि २०१२ च्या टूर आधी आणि २०१३ च्या जिरोआधी ट्रायमसिनोलोनची इंजेक्शनं परवानगीने मिळाली होती. २०१६ मध्ये ती कागदपत्रं फुटली. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने म्हटलं की नियम मोडला नसला, तरी नैतिकतेची रेघ त्याच्या संघाने ओलांडली. विगिन्सने ते नाकारलं. म्हणजे कागद असला म्हणून संशय जात नाही, आणि कागद नसला म्हणून माणूस लबाड ठरत नाही. औषध घेऊन बरोबरीला येणं वेगळं आणि औषध घेऊन पुढे जाणं वेगळं. बोलायला सोपं आहे, पण ही रेघ लघवीच्या बाटलीत दिसत नाही.

आता आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण. पृथ्वी शॉ. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक. २२ फेब्रुवारी २०१९ ला इंदूरला टी-२० स्पर्धेदरम्यान त्याची चाचणी झाली आणि टर्ब्युटालिन सापडलं. सर्दी-खोकल्याचं सिरप! चुकून घेतलं, हे त्याचं म्हणणं क्रिकेट मंडळाने मान्य केलं, तरी आठ महिन्यांची बंदी झालीच. त्याआधी युसुफ पठाणलाही याच औषधामुळे पाच महिने बसावं लागलं होतं.

इथे मी थबकलो. कारण आपल्या सातारा-सांगलीकडे पंपाची भीती फार. "पंपाची सवय लागते", "पोरीला पंप दिला तर लग्न कसं जमायचं?" हे मी घरोघरी ऐकलंय. म्हणून लोक सिरप आणतात, गोळी घेतात. आणि नियम बरोबर उलटा आहे! साल्ब्युटामॉल पंपाने घेतलं तर चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. त्यातही कुठल्याही आठ तासांत ६०० च्या वर जायचं नाही. नेहमीच्या पंपाचा एक झटका १०० चा असतो, म्हणजे आठ तासांत सहा झटके. यासाठी अर्जही करावा लागत नाही. तेच औषध सिरपमधून किंवा गोळीतून घेतलं, तर आधी सूट मिळवल्याशिवाय बंदी. टर्ब्युटालिन तर कसंही घ्या, परवानगी हवीच. आणि ते आपल्याकडच्या कितीतरी खोकल्याच्या औषधांत असतं.

माणदेशातल्या मोहीसारख्या गावातून ललिता बाबर निघते आणि २०१६ ला रिओच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी धावते, दहावी येते. आमच्याकडचे खेळाडू असेच येतात, गावातून, पायवाटेवरून. त्यांच्यामागे सुरुवातीला ना संघाचा डॉक्टर असतो, ना वकील. खोकला झाला की मेडिकलवाला देईल ती बाटली. येट्स आणि शॉच्या मागे एवढी माणसं असून चूक झाली, तर या पोरांचं काय?

आता मी साताऱ्यात असतो. शेजारची नववीतली मुलगी रोज पहाटे यवतेश्वरचा घाट सायकलने चढते. तिलाही दमा आहे. डॉक्टरांनी पंप दिलाय, पण ती तो चार जणांत काढत नाही. दप्तराआड तोंड लपवून घेते. मागच्या महिन्यात तिला खोकला झाला, म्हणून तिच्या आईने सिरप आणलं. मी चष्मा लावून लेबल वाचलं. टर्ब्युटालिन. "वहिनी, हे परत करा आणि डॉक्टरांना विचारा," म्हटलं. मुलीला सांगितलं, पंप लपवू नकोस. लपवायची गोष्ट ती नाही.

हे सांगणारा मी कोण, ते तिला माहीत नाही. डब्याची गोष्ट तिला अजून सांगितलेली नाही. ज्याचा तो डबा, त्याची गाठ शाळा सुटल्यावर कधी पडली नाही. पडली तर डबा घेऊन जाईन म्हणतो. रवा काढून, घासून.