बैलाचा घटसर्प आणि आपला

मंडळी, या वीकेंडला जरा घशाशी येणारा विषय. घटसर्प.

आमच्या यवतमाळकडे शेतकऱ्याला घटसर्प म्हटलं की आधी ढोरंच आठवतात. पावसाळ्याआधी बैलांना घटसर्प-फऱ्याची लस टोचतात, तीही दरवर्षी. माणसाचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. त्याचा जंतू वेगळा, लसही वेगळी. पण दोन्हींत घसा सुजतो, श्वास कोंडतो, आणि मराठीत नाव एकच!

1890 मध्ये बर्लिनला बेरिंग आणि कितासातो यांनी प्रतिविषाचा शोध लावला. पुढे ते घोड्यांच्या रक्तातून काढू लागले. (असंच सीरम काढायला पूनावालांच्या स्टड फार्मवरचे म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिनला जायचे. त्यातूनच 1966 मध्ये पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली.) पण पेशीत शिरलेल्या विषावर प्रतिविष चालत नाही, म्हणून उशीर झाला की संपलं. खरा उपाय लसच.

आपल्याकडे 1978 च्या सरकारी कार्यक्रमात त्रिगुणी लस आली. 1985 पासून ती टप्प्याटप्प्याने जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. म्हणजे आज चाळिशीपुढच्या कित्येकांना ती मिळालीच नसेल. ज्यांना मिळाली, त्यांचीही प्रतिकारशक्ती वर्षांगणिक उतरते. लहानपणी इन्स्टॉल केलं, अपडेट कधीच नाही!

याने काय होतं? सोव्हिएत संघ मोडला तेव्हा लहान मुलांचं लसीकरण ढिलं पडलं होतं आणि मोठ्यांची प्रतिकारशक्ती उतरलेली होती. 1990 च्या दशकात तिथे 1,50,000 हून जास्त लोकांना घटसर्प झाला, सुमारे 5,000 दगावले. रुग्णांत प्रौढ भरपूर होते.

आणि आपण? खिळा लागला की वर्षानुवर्षं टीटी घेत आलो. टीटी फक्त धनुर्वाताची, घटसर्पाशी तिचा संबंध नाही. दोन्हींवर चालते ती टीडी. 2019 पासून सरकारी कार्यक्रमात टीटीच्या जागी टीडी आली, पण ती 10 आणि 16 वर्षांच्या मुलांना आणि गरोदर बायकांना. ऑफिसात बसणारा पस्तिशीचा बाप्या त्या यादीत नाही. बाळाचा पहिला डोस मात्र दीड महिन्यानंतर असतो. तोवर त्याचं रक्षण आईकडून मिळालेल्या प्रतिकारशक्तीवर आणि घरातल्या मोठ्यांवर.

तेव्हा पुढच्या वेळी खिळा लागला, तर डॉक्टरांना एवढंच विचारा: टीटीऐवजी टीडी देता का?